नांगर धरल्याची वेळ

दुर्बीणरावांना जगातली निम्मी गुपितं माहीत होती आणि त्यातलं एकही बायकोला सांगायची सोय नव्हती.

गेली सव्वीस वर्षं ते कालव्याच्या तोंडाशी असलेल्या मनोऱ्यावर, एकशेबारा पायऱ्या चढून, डोळ्याला दुर्बीण लावून बसत. समुद्रावरून येणारं प्रत्येक जहाज आधी त्यांना दिसे. झेंडा कोणाचा, माल कसला, चाललंय कुठं, सगळं. एकदा एका जहाजाच्या डेकवर सहा जिराफ उभे होते, माना वर करून, मनोऱ्याकडेच बघत. असं काही पाहिलं की माणूस पळत घरी जातो आणि चपला काढायच्या आत बायकोला सांगून मोकळा होतो. दुर्बीणराव घरी गेले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "आज वारा बरा होता."

कारण बायको खाली होती. म्हणजे त्याच मनोऱ्याच्या तळाशी, यादीच्या खोलीत. कुठलं जहाज कितव्या नंबरला कालव्यात शिरणार ती यादी त्या लावत, म्हणून सगळे त्यांना यादीबाई म्हणत. आणि ज्या बाईनं यादी लावायची तिला कुठलं जहाज कोणाचं हे कळता कामा नये, असा कालव्याचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता.

नियम केला होता कालवा खणणाऱ्या पहिल्या मुख्य इंजिनियरनं. त्या गृहस्थाचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि सगळ्यांत कमी स्वतःवर. त्यानं यादीच्या खोलीची समुद्राकडची खिडकी विटांनी बुजवली. वर मनोऱ्यावर एक कापडी पिशवी ठेवली, तिच्यात नंबर कोरलेले पितळी बिल्ले. जहाज आलं की मनोरेवाल्यानं न बघता एक बिल्ला काढायचा. जहाजाचं नाव आणि झेंडा आपल्या वहीत लिहायचा, वही कुलपात. खाली पाठवायच्या चिठ्ठीवर फक्त तीनच गोष्टी: बिल्ल्याचा नंबर, जहाजाची लांबी, आणि नांगरानं तळ धरला ती वेळ. चिठ्ठी डबीत, डबी नळीत, नळीतून टणकन खाली. खाली यादीबाई चिठ्ठ्या वेळेप्रमाणे भिंतीवरच्या फळीला टांगत. बारा वाजता फळीचं काचेचं दार बंद, कुलूप. मग मनोरेवाला वही घेऊन उतरे आणि कुठला नंबर कोणाचा ते वाचून दाखवी. थोडक्यात, लबाडी करायची तर वरच्या आणि खालच्या माणसाला आधी एकमेकांना गाठणं भाग होतं.

ते रोज एका टेबलावर जेवत. नेमणुका झाल्या तेव्हा दोघांची तोंडओळखही नव्हती, लग्न नंतर, त्याच वर्षी झालं. मनोरेवाल्यानं यादीवालीशी लग्न करू नये असं पुस्तकात लिहायचं त्या इंजिनियरला सुचलं नाही, कारण त्याच्या काळी दोन्हीकडे दाढीवाले बसत. म्हणून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी यादीबाईंनीच नियमाला पुरवणी जोडली: "घरात जहाज नाही." दुर्बीणरावांसारख्या बोलघेवड्या माणसानं ही पुरवणी सव्वीस वर्षं पाळली. तपश्चर्या म्हणतात ती याहून फार वेगळी नसावी.

आता एवढा आटापिटा कशासाठी? तर हा कालवा नसता तर जहाजांना अख्ख्या खंडाला वळसा घालावा लागता. दोन आठवडे जास्त. ज्या देशाचा कालवा होता तो इतका लहान की नकाशावर त्याचं नाव त्याच्या हद्दीत मावत नसे, समुद्रात छापत. पण खंदक त्याच्या परसात होता. त्यामुळे जगातले दोन सगळ्यांत बलाढ्य देश या परसाकडे डोळे लावून बसलेले असत. कालव्यावरची माणसं त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत, कारण त्यांचं वागणं वाटणीवरून भांडणाऱ्या भावांसारखं होतं. थोरल्यांनी बाहेरच्या समुद्रात एक युद्धनौका उभी केली की धाकटे दोन आणत. दोघंही सांगत, रस्ता मोकळा राहावा म्हणून आलोय. रस्ता मोकळाच असे. त्यात मध्ये उभे असत ते हेच.

यंदा कालव्याला पाणी पुरवणारं तळं आटलं. एरवी दिवसाला छत्तीस जहाजं जात, आता चोवीसच. फळीवर चोविसाव्या खिळ्याखाली यादीबाईंनी लाल दोरी बांधली. दोरीखालचे उद्या. लगेच थोरल्यांना वाटलं की यादी धाकट्यांना सामील आहे आणि धाकट्यांना वाटलं की थोरल्यांना. शेवटी दोघांचा एकेक प्रतिनिधी घेऊन पाहणी समिती आली. करारात एक कलम होतं: दोघांपैकी एकानं जरी "यादी चोख आहे" या कागदावर सही नाकारली, तरी दोघंही आपापला माणूस यादीच्या खोलीत कायमचा बसवू शकतील.

कालव्याचे संचालक या कलमानं खंगले होते. "एकदा माणूस बसला की त्याला खुर्ची लागते," ते दुर्बीणरावांना म्हणाले होते, "खुर्चीला खोली, खोलीला पहारा, पहाऱ्याला बोट, बोटीला धक्का. वर्षभरानं आपणच आपल्या कालव्यात शिरायची परवानगी मागू."

समितीच्या दिवशी सकाळी सहा दहाला एका लांबलचक जहाजानं नांगर टाकला. झेंडा थोरल्यांचा, डेकवर सुटी करून बांधलेली प्रचंड क्रेन. सहा सोळाला दुसरं आलं. झेंडा धाकट्यांचा, डेकवर तसलीच क्रेन. दुर्बीणरावांनी वर्तमानपत्र वाचलं होतं. कालव्यापलीकडच्या एका देशात नवं बंदर होत होतं, आणि ज्याची क्रेन आधी उभी राहील त्याला ते बंदर तीस वर्षं चालवायला मिळणार होतं. तीस वर्षांचा धंदा आज या दोन क्रेनांच्या दोरखंडांना बांधलेला होता.

नियम असा की नांगर पडला म्हणजे लगेच चिठ्ठी पाठवायची नाही. दहा मिनिटं जहाजावर नजर ठेवायची. साखळी ताठ झाली, जहाज जागचं हललं नाही, म्हणजे नांगरानं तळ धरला. घसरला, तर पुन्हा टाकून जेव्हा धरेल ती वेळ खरी. दुर्बीणरावांनी सहा दहाची चिठ्ठी लिहून पेपरवेटखाली ठेवली. तेवढ्यात फोन वाजला.

"दाढी केलीत ना?" संचालक. त्यांना रात्रभर झोप नव्हती.

"केली साहेब."

"कोटाची बटणं? मागच्या वेळी एक लोंबत होतं."

"शिवलं साहेब." हे म्हणताना त्यांनी एका हातानं बटण चाचपलं आणि दुसऱ्या हातानं, रिसीव्हर खांद्यात धरून, टेबलावरची चिठ्ठी डबीत घातली. हाताला सव्वीस वर्षांची सवय. टण्. आणि मग काचेतून दिसलं, थोरल्यांचं जहाज हळूच मागं सरकतंय. तळाला मऊ चिखल. नांगर वर आला, पुन्हा पडला, आणि सहा बावीसला साखळी ताठ झाली. "हो साहेब, झेंडा धुतलाय साहेब," म्हणत त्यांनी वहीत पेन्सिलीनं ६.२२ लिहिलं. फोन ठेवला की दुरुस्तीची चिठ्ठी पाठवू. संचालक सतरा मिनिटं बोलले. तेवढ्यात क्षितिजावर तीन जहाजं एकदम उगवली.

पावणेबाराला खाली न्यायला म्हणून वही उघडली, तर पेन्सिलीचा आकडा त्यांच्याकडे बघत होता.

दुर्बीणरावांनी पानं मागं उलटली. कालची उरलेली धरून फळीवर किती चिठ्ठ्या असतील ते त्यांनी वहीतून मोजलं. सहा दहाची चोविसावी, सहा सोळाची पंचविसावी. मधोमध लाल दोरी. दुरुस्ती पाठवली तर थोरल्यांची क्रेन आज राहणार, आणि तीही समितीच्या नाकासमोर चिठ्ठी बदलून. थोरले सही करणार नाहीत. माणूस, खुर्ची, खोली, पहारा, बोट. नाही पाठवली, तर कोणालाच काही कळणार नाही. दोघांच्याही सह्या, कालवा आपला.

फक्त खाली बसलेल्या बाईंच्या हातून खोटी यादी लागेल.

त्यांनी फोन उचलला. "साहेब, एक वेळ चुकलीय. दुरुस्ती पाठवावी लागेल."

"आज?" संचालकांचा आवाज कुजबुजीवर आला. "अहो, दोघं समोर बसलेत. चहा पिताहेत. आज मुहूर्त सापडला तुम्हाला?"

"बाराच्या आतच पाठवावी लागते."

"जहाज कोणाचं?"

"ते सांगता येत नाही साहेब."

"मी संचालक आहे!"

"म्हणूनच."

पलीकडे जोरजोरानं श्वास. "आणि नाही पाठवली तर कोणाला कळणार आहे?"

"आता तुम्हालाही कळलं ना साहेब."

"मला सांगितलंतच कशाला!" आणि फोन आपटला.

दुर्बीणरावांनी चिठ्ठी लिहिली. बिल्ला आठ, वेळ सहा दहा नव्हे, सहा बावीस. चूक माझी. सही. डबी नळीत सोडली आणि बुडत्या माणसाच्या चेहऱ्यानं तो टणकार ऐकला. मग वही काखेत मारून एकशेबारा पायऱ्या उतरू लागले.

यादीच्या खोलीत पाचवा माणूस शिरला की कोणाला तरी कोपर लागे. फळीसमोर यादीबाई उभ्या, हातात कुलूप. डावीकडे थोरल्यांचे प्रतिनिधी: धिप्पाड, पिकल्या भुवयांचे, खुर्ची जेमतेम पुरत होती. उजवीकडे धाकट्यांचे: किडकिडीत, मांडीवर डायरी. मध्ये संचालक, दोन्हीकडे एकदम हसणारे.

बाराचा ठोका पडला. काच बंद, कुलूप. दुर्बीणराव वही उघडून वाचू लागले. तेविसाव्यापर्यंत आवाज बरा होता.

"चोविसावं, बिल्ला एकसष्ट." त्यांनी जहाजाचं नाव घेतलं. धाकट्यांचा झेंडा. "पंचविसावं, बिल्ला आठ." थोरल्यांचा.

डायरीवर पेन थांबलं. थोरल्यांचे प्रतिनिधी सावकाश उठले; खुर्चीही थोडी त्यांच्याबरोबर उठली.

"पंधरा मिनिटांपूर्वी," ते म्हणाले, "आठ नंबर दोरीच्या वर होता. माझ्या डोळ्यांदेखत वरून डबी पडली आणि या बाईंनी आठ खाली आणि एकसष्ट वर केला."

"कारण वेळ तशी आली," यादीबाई म्हणाल्या. "मला आठ कोण आणि एकसष्ट कोण हे आत्ता कळतंय. तुमच्याबरोबरच."

"अगदी खरं!" संचालकांना घाम फुटला होता आणि घाबरून माणसानं जे बोलू नये नेमकं तेच ते बोलले. "यांच्या चोखपणाची मी हमी देतो. सव्वीस वर्षांचे नवरा-बायको आहेत दोघं!"

धाकट्यांच्या प्रतिनिधींनी डायरीचं नवं पान काढलं.

"नवरा-बायको," थोरल्यांचे म्हणाले. "एकाच घरात राहता?"

"साधारण पद्धत तशीच आहे," यादीबाई म्हणाल्या.

"काल संध्याकाळी काय बोललात?"

"मी काही नाही. हे बोलत होते."

"काय बोलत होते?"

"शेजाऱ्यांच्या शिडीबद्दल. पाऊण तास."

"पाऊण तास शिडीबद्दल?"

"परवा कुंपणाबद्दल तासभर."

धाकट्यांचे प्रतिनिधी खोकले. त्या खोकल्यात हसू होतं. थोरल्यांचे दुर्बीणरावांकडे वळले. "सगळ्या जगाची जहाजं तुमच्या डोळ्यांखालून जातात, आणि घरी जाऊन तुम्ही शिडीवर बोलता?"

"जहाजांवर बोलायची बंदी आहे साहेब," दुर्बीणराव ओशाळून म्हणाले. "पण गप्प बसवत नाही. मग जे सापडेल त्यावर."

"सव्वीस वर्षांत एकदाही तोंडून गेलं नाही?"

"एकदा झोपेत 'जिराफ' म्हणाले," यादीबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. "मी विचारलं नाही."

दुर्बीणरावांनी बायकोकडे पाहिलं. ही गोष्ट ती त्यांना आज पहिल्यांदा सांगत होती. किती वर्षं झाली त्याला, दहा? त्यांना एकदम जाणवलं की तपश्चर्या काही आपण एकट्यानंच केलेली नाही.

"या गप्पा पुरे," थोरल्यांचे म्हणाले. "वही तुमची, पेन्सिल तुमची, चिठ्ठी तुमची. यात पुरावा कसला? आमचा कप्तान सांगेल नांगर कधी धरला ते. बोलवा त्याला वायरलेसवर."

वायरलेस शेजारच्या खोलीत होता. सगळे तिकडे गेले. संचालक भिंतीला धरून. दुर्बीणराव सगळ्यांत शेवटी शिरले. कप्तान थोरल्यांचा, क्रेन थोरल्यांची, तीस वर्षं त्यांची. "सहा दहा" म्हणायला त्या बापड्याला दोन शब्द पुरेसे होते, आणि मग बोट यायला महिनाही लागला नसता.

"कप्तान," प्रतिनिधींनी आपली ओळख सांगितली. "आज सकाळी तुमच्या नांगरानं तळ कधी धरला?"

"सहा बावीस," खरखरता आवाज आला.

प्रतिनिधींनी डोळे मिटले. "टाकला कधी?"

"टाकला सहा दहाला. घसरला. चिखल आहे इथं. परत उचलून टाकला. का, कोणाची तक्रार आहे?"

"नीट आठवून सांगा. यावर फार काही अवलंबून आहे."

"आठवायचं काय त्यात? लॉगमध्ये लिहिलंय."

"खोडता—" प्रतिनिधी थांबले. खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघत होते. "म्हणजे, लिहिण्यात चूक नाही ना?"

"साहेब," आवाज जरा तापला, "नांगर घसरला की लिहायचं असतं. मागून येणारा त्याच चिखलात नांगर टाकणार, त्याला कळायला नको? सहा बावीस. अजून काही? माझा चहा निवतोय."

वायरलेस बंद झाला. दुर्बीणरावांनी त्या खरखरीला मनातल्या मनात सलाम ठोकला. समुद्रावर कुठंतरी, परक्या झेंड्याखाली, आपल्यासारखाच एक खुळा बसलाय, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला.

"आमच्या कप्तानानंही असंच लिहिलं असतं," धाकट्यांचे हळूच म्हणाले.

"येईल की तुमच्यावरही वेळ," थोरल्यांचे म्हणाले. "तेव्हा बघू."

मग थोरल्यांचे प्रतिनिधी बाहेर बोळात आले. दुर्बीणराव वही छातीशी धरून तिथं उभे होते. जवळून पाहिलं तर समोरचा माणूस थकलेला होता. दोन दिवसांचा प्रवास आणि आता हे.

"मला एक सांगा," ते म्हणाले. "चिठ्ठी पाठवली नसतीत तर मी सही केली असती, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि पाठवली तर तुमच्या कालव्यात आमच्या बोटी येतील, हेही?"

"त्याच भीतीनं पायऱ्या उतरलो साहेब."

"मग?"

दुर्बीणरावांनी डोकं खाजवलं. समितीसमोर म्हणायला काहीतरी भारदस्त असायला हवं होतं. "आतल्या बाई दिलेल्या वेळेवर यादी लावतात. दुसरं काही बघत नाहीत, बघायला खिडकीच नाही. चुकीची वेळ देऊन त्यांना तिथं उभं करायचं, हे काही जमेना."

"म्हणजे बायकोला घाबरलात."

"तसं लिहिलंत तरी चालेल."

पिकलेल्या भुवया वर गेल्या, खाली आल्या. प्रतिनिधी पुन्हा यादीच्या खोलीत शिरले. विटांनी बुजवलेल्या खिडकीवरून त्यांनी एकदा तळहात फिरवला, एखादा जाणकार कापड बघतो तसा.

"कोणी केलं हे?"

"पहिल्या इंजिनियरनं," यादीबाई म्हणाल्या.

"एका खंदकासाठी." त्यांनी हाताची धूळ झटकली. "आमच्याकडे समुद्रावर चारशे युद्धनौका आहेत बाई. आणि अशी एक भिंत नाही." मग म्हणाले, "फोन आहे का? आमच्या राजधानीला लावायचाय."

यादीबाईंनी फोन त्यांच्यापुढे सरकवला. खोलीतल्या कोणाला बाहेर जायला त्यांनी सांगितलं नाही, आणि कोणी गेलंही नाही.

"मी बोलतोय," प्रतिनिधी म्हणाले. "नाही. चोविसावं नाही, पंचविसावं. उद्या. हो, त्यांचं आज जाणार." पलीकडून चिरकल्यासारखा आवाज आला, त्यांनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला आणि आवाज निवाल्यावर पुन्हा लावला. "नाही, लबाडी झालेली नाही. मी स्वतः बघितलंय. आपल्याच कप्तानाला विचारलं. नाही, त्याला काही करायचं नाही. त्याला बढती द्या. उशीर कशानं? नांगर घसरला म्हणून. सहा दहा नाही साहेब, ऐका जरा." आणि ज्या सुरात दुर्बीणराव बारा वाजता वही वाचत, अगदी त्याच कोरड्या सुरात ते म्हणाले, "सहा बावीस. लिहून घ्या."

पलीकडे बराच वेळ कोणी तरी बोलत राहिलं. प्रतिनिधी एकदाच म्हणाले, "मग तसा हुकूम मला लेखी पाठवा. मी इथून जे बघितलं तेच लिहिणार." त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला, खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं.

"सही कुठं करायची?" त्यांनी विचारलं.

यादीबाईंनी कागद सरळ केला आणि रेघेवर बोट ठेवलं.